बॉनेटवरची चार इंच पट्टी : ‘घाटकरी’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

घाटकरी, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया आली तेव्हा मी गाडीखाली होतो. बायकोने फोनवरून मोठ्याने वाचून दाखवली, आणि निम्म्यावर आल्यावर मी तिला म्हटलं, पुरे, नंतर बघतो. राग आला होता, खोटं कशाला बोलू? पण उत्तराला जे दहा-बारा दिवस लागले ते रागापायी नव्हेत. तुमच्या शेवटच्या दोन ओळींनी लावले. त्यांच्याकडे सावकाश येतो.

बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात. माझ्या 1965 च्या मॉरिस मायनर या छोट्या इंग्रजी मोटारीवर मी मागच्या महिन्यात लिहिलं होतं. त्याखाली घाटकरींनी लिहिलं की हे ‘गोऱ्या साहेबाच्या भंगाराचं कौतुक’ आहे. मॉरिस कंपनीने आपल्या गळ्यात अँबॅसिडर ही जुनाट गाडी मारली आणि देशाने ती पन्नास वर्षं ढकलली. ज्या मालकाचे मी गोडवे गायले त्याने फॅसिस्टांना पैसे पुरवले. मायनर ज्याने घडवली त्या इसिगोनिसला ‘इंग्रज इंजिनिअर’ म्हटलं ते साफ चूक. असली गाडी आज रस्त्यावर आणणं म्हणजे धोकाही आणि धूरही. आणि शेवटी : ‘माझे वडील बांधकाम खात्यात अँबॅसिडरवर ड्रायव्हर होते. तुम्ही रविवारी हौसेने जिच्याखाली झोपता, तिच्याखाली ते पोटासाठी झोपायचे.’

इसिगोनिसची चूक माझीच, मूळ लेखात दुरुस्त केली आहे. अ‍ॅलेक इसिगोनिस 1906 साली स्मर्ना इथे जन्मला, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या इझमीरमध्ये. वडील ग्रीक वंशाचे पण ब्रिटिश नागरिक, आई बव्हेरियन घराण्यातली. 1922 मध्ये युद्धाच्या धामधुमीत कुटुंबाला शहर सोडून माल्टाला पळावं लागलं, वडील तिथेच वारले, आणि आई-मुलगा इंग्लंडला आले. बॅटरसीच्या पॉलिटेक्निकमध्ये हा मुलगा गणितात तीनदा नापास झाला. पुढे त्याने मायनर काढली, मग 1959 ची मिनी काढली, आणि 1969 मध्ये तो सर झाला. तेव्हा ‘साहेबाची गाडी’ म्हणताना एवढं लक्षात असू द्या की ती एका निर्वासिताच्या कागदावर जन्मली. हे मुद्दा जिंकायला सांगत नाही. मला स्वतःलाच ते लिहिताना सुचायला हवं होतं. मीही इथे इंग्लंडात दोन सुटकेस घेऊनच उतरलो होतो. अर्थात माझ्यामागे कुठलं शहर जळत नव्हतं.

आता मालक. विल्यम मॉरिस, नंतरचा लॉर्ड नफिल्ड. ऑक्सफर्डमध्ये आईवडिलांच्या घरी चार पौंडांच्या भांडवलावर सायकलदुरुस्ती सुरू केलेला पोरगा, 1913 मध्ये पहिली मॉरिस ऑक्सफर्ड, ऑक्सफर्डजवळच्या काउलीचा अवाढव्य कारखाना, 1921 च्या मंदीत बाकीचे हात बांधून बसले असताना किमती धडाधड उतरवून बाजार मारणारा माणूस. एवढं मी लिहिलं होतं. तुम्ही म्हणता ते मी लिहिलं नव्हतं : 1930 च्या सुमाराला त्याने पुढे ब्रिटिश फॅसिस्टांचा नेता झालेल्या ऑस्वल्ड मोस्लीला 50,000 पौंड दिले. मोस्लीचा तेव्हाचा पक्ष अजून फॅसिस्ट झालेला नव्हता, ही पळवाट आहे आणि मी ती घेत नाही. कामगार संघटनांचा त्याला तिटकारा होता, हेही खरं. त्याच माणसाने 1938 मध्ये जाहीर केलं की साम्राज्यातलं जे कुठलं हॉस्पिटल मागेल त्याला श्वास चालू ठेवणारं ‘आयर्न लंग’ फुकट देईन, आणि मोटारींच्या कारखान्यात ती यंत्रं बांधून हजारांवर पाठवली. पोलिओची किती पोरं त्यात जगली असतील! दोन्ही एकाच खात्यातले चेक. एक दुसऱ्याला खोडत नाही. मला नफिल्ड आवडतो का? फारसा नाही. आणि गंमत म्हणजे त्याला ही गाडीच आवडली नव्हती. मायनरचं मॉडेल पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्याने तिला ‘पोच्ड एग’ म्हणून हिणवलं. बशीत पसरलेलं अंडं.

म्हणून मला वाटतं माझा लेख नीट जमलाच नाही. मी मॉरिस या नावावर प्रेम असल्यासारखं लिहिलं, आणि तुम्ही ते तसंच वाचलंत. माझं प्रेम खरं तर एका पट्टीवर आहे.

मायनरच्या बॉनेटवर मधोमध, पुढून मागे, एक सपाट पट्टी आहे. दोन्ही बाजूंचा पत्रा गोलाईने वर येतो आणि त्या पट्टीशी थांबतो. अनोळखी माणसाला ती सजावट वाटते. झालं असं : 1947 साल संपत आलेलं. गाडीचं काम जवळजवळ पूर्ण, साचे तयार होऊ लागलेले, रुंदी 57 इंच. इसिगोनिसला ती उभी बघून काहीतरी खटकत होतं. अरुंद, कोंडल्यासारखी. त्याने कारागिरांना सांगून नमुन्याची गाडी उभी मधोमध कापायला लावली, अगदी कलिंगडासारखी. मग दोन अर्धे हळूहळू एकमेकांपासून सरकवले. थोडं अजून, थोडं अजून, आणि एका जागी म्हणाला, बस. मोजलं तर चार इंच. रुंदी झाली 61. आता बॉनेटला मध्ये फट पडणार, म्हणून ती पट्टी. बंपर तर आधीच बनून पडले होते, ते अर्धे कापून मध्ये चार इंचांचा तुकडा घातला. सुरुवातीच्या गाड्यांवर तो जोड उघड दिसतो.

गाडी 1948 च्या सप्टेंबरात जाहीर झाली आणि ऑक्टोबरात लंडनच्या अर्ल्स कोर्ट प्रदर्शनात मांडली. डिझाइन बंद व्हायच्या वेळी सगळं पुन्हा उघडायला किती धारिष्ट लागतं, ते मला माझ्या नोकरीमुळे कळतं. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. ‘चुकलंय, पण आता वेळ नाही, पुढच्या आवृत्तीत बघू’ हे वाक्य मी आयुष्यात किती वेळा ऐकलं आणि किती वेळा स्वतः म्हटलं, त्याचा हिशेब नको. इथे एका माणसाने चूक कापून काढली आणि वर टाका लपवलाही नाही. गाडी धुताना माझा हात त्या पट्टीवरून जातो तेव्हा मला बरं वाटतं. एवढंच माझं कौतुक. साहेबाचं असेल नसेल, टाक्याचं नक्की आहे.

(बाकीचे लाड आहेतच. चावी फिरवली की टाकीतलं पेट्रोल खेचणारा एसयू कंपनीचा पंप टकटक-टकटक करतो आणि कार्ब्युरेटर भरला की गप्प होतो. मग चोक ओढायचा, स्टार्टरची चावी द्यायची. उतारावर पाय काढला की सायलेन्सरमधून जो पर्र-पर्र आवाज येतो त्याला सभ्य मराठी शब्द नाही. शेजारचा लहान मुलगा त्याला जे म्हणतो ते इंग्रजीतही सभ्य नाही.)

अँबॅसिडर आपल्या गळ्यात मारली, या मुद्द्यावर मात्र मी तुमच्याशी भांडणार. मॉरिस ऑक्सफर्डची तिसरी मालिका काउलीला 1956 मध्ये निघाली आणि 1959 मध्ये तिच्या जागी नवीन ऑक्सफर्ड आलीसुद्धा. तीन वर्षं! तीच गाडी कोलकात्याजवळ उत्तरपाड्याला हिंदुस्तान मोटर्सच्या कारखान्यात अँबॅसिडर म्हणून 1958 च्या आगेमागे सुरू झाली आणि 2014 च्या मेपर्यंत निघत राहिली. पहिली तीन वर्षं काउलीच्या नावावर मांडा हवं तर. पुढची पन्नास कुणाच्या नावावर? आयातीला बंदी, परवान्याशिवाय कारखाना नाही, नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघणारं गिऱ्हाईक आणि ठरलेला सरकारी खरेदीदार. असं असल्यावर कुठला कारखानदार बॉनेट कापायला बसेल? आपल्याकडे इसिगोनिससारखी माणसं नव्हती असं मला वाटत नाही. करवत हातात घ्यायची गरजच कुणाला पडली नाही.

आणि मायनर आपल्याला परकी नव्हती बरं का. तीही हिंदुस्तान मोटर्सने बांधली होती, ‘बेबी हिंदुस्तान’ नावाने. ती टिकली असती आणि थोरली गेली असती तर मंत्रालयाच्या आवारात लाल दिव्याच्या बेब्यांची रांग दिसली असती, हा विचार मला अधूनमधून हसवतो. उलटी वाटही झाली : मायनर इंग्लंडात बंद पडून वीसेक वर्षं झाल्यावर तिचे पत्रे आणि सुटे भाग बनवायला एक कारखाना निघाला तो श्रीलंकेत, गॉलला. साहेबाचं भंगार दुरुस्त व्हायला परत सिलोनलाच गेलं.

धोका आणि धूर. दोन्ही कबूल. चारही चाकांना ड्रम ब्रेक, त्यांची तेलवाहिनी एकच, एअरबॅग सोडाच, पुढच्या आघातात पत्रा चुरगळून माणूस वाचावा ही कल्पनाच तिच्यात नाही. पुढच्या चाकाचं ट्रनियन म्हणून एक आट्यांचं जोडकाम असतं. ग्रीस वेळेवर गेलं नाही तर आटे झिजतात आणि एक दिवस चाक फतकल मारून बाहेर पसरतं. इथल्या कायद्याने चाळीस वर्षांवरच्या गाडीला वार्षिक तपासणीची सक्ती 2018 पासून उठली. मी तरी दरवर्षी तपासून घेतो. मोटरवेवर नेत नाही, पोरीला शाळेत सोडायला नेत नाही, वर्षाला हजारएक मैल होतात. धुराचं म्हणाल तर मैलामागे ती शेजारच्या नव्या गाडीपेक्षा कितीतरी जास्त ओकते. ‘पण नवी गाडी बनवायलाही प्रदूषण होतं’ हे उत्तर आमच्यातले बरेच जण देतात. मी ते द्यायचं सोडलं, कारण माझ्या दारात नवी गाडीही उभी आहे. हौस ती हौस. तिला पर्यावरणाची शाल पांघरायला नको.

आता तुमच्या वडिलांकडे येतो.

तुमचं वाक्य खोटं पाडता येत नाही. मी जिच्याखाली झोपतो ती माझी आहे, खाली रबराची चटई आहे, कंटाळा आला की उठून चहा घेतो. गाडी दुरुस्त नाही झाली तर कुणी साहेब मेमो देत नाही. हा फरक मी लेखात पुसून टाकला होता. ‘ही गाडी सामान्य माणसाला पान्याने उघडता येते’ असं मी मोठ्या भावनेने लिहिलं होतं. ज्याला ती रात्री अकरा वाजता घाटात उघडावीच लागते त्याला हे वाक्य कसं लागत असेल, याचा विचार केला नव्हता.

पण एक गोष्ट सांगायची आहे. 2022 च्या जुलैमध्ये इंग्लंडात पारा पहिल्यांदा चाळिसाच्या वर गेला, त्याच आठवड्यात मी वेडेपणाने मायनर बाहेर काढली होती. स्विंडन शहराच्या अलीकडे ती फट-फट करून बंद पडली. प्लग ठीक, पॉइंट ठीक, टाकीत पेट्रोल. पंप रिकामाच टकटकत होता. उष्णतेने पेट्रोलची वाफ झालेली. आमच्या जुन्या गाड्यांच्या क्लबातल्या एका म्हाताऱ्या सभासदाला फोन केला तर म्हणाला, संध्याकाळपर्यंत थांब, गार होईल. आणि मला एकदम सांगलीचा स्टँड आठवला. उन्हाळ्यात तिथल्या अँबॅसिडरवाल्यांची बॉनेटं उघडी असायची आणि आत पेट्रोल खेचणाऱ्या पंपावर ओला फडका गुंडाळलेला असायचा. फडका वाळला की पुन्हा बाटलीतलं पाणी. लहानपणी मला वाटायचं गाडीला ताप आलाय.

मी पोरीचा पोहण्याचा टॉवेल भिजवला आणि पंपाला गुंडाळला. पंधरा मिनिटांत गाडी चालू. पुढच्या बैठकीत ही युक्ती सांगितली तर तीन-चार जणांनी वहीत लिहून घेतली. कुठे शिकलास विचारलं, तर मी म्हटलं, ‘भारतात’. पुढे काही सांगितलं नाही, कारण ज्यांच्याकडे बघून शिकलो त्यांतल्या एकाचंही नाव मला माहीत नव्हतं. इसिगोनिस गणितात किती वेळा नापास झाला ते मला पाठ आहे.

तुमचे वडील आता आहेत की नाहीत ते प्रतिक्रियेवरून कळत नाही. असतील तर माझं एक विचारा. खंबाटकी चढताना पाणी उकळलं की ते लगेच बॉनेट उघडायचे, की आधी इंजिन चालूच ठेवून थोडं थांबायचे? आमच्या क्लबात यावर दोन तट आहेत. आणि फडका कसला वापरायचे, सुती की गोणपाट? टॉवेल फार लवकर वाळतो.