वॉरम्बंगलमध्ये लिंबू सरबत मिळत नाही

सिडनीतल्या आपल्या मराठी ग्रुपवर लाँग वीकेंड जवळ आला की ठरलेला प्रश्न येतो: "ब्लू माउंटन्स झालं, आता कुठे?" मी वॉरम्बंगल नॅशनल पार्क सुचवते. लगेच उलटा प्रश्न, "तिथे आहे काय?"

साधारण पाचशे किलोमीटरवर आहे. शेवटचं गाव कूनाबाराब्रन, तिथून पुढे तीसेक किलोमीटर. आत टपरी नाही, बहुतेक ठिकाणी मोबाइलला रेंज नाही. माझ्या मते जाण्यासारखं तेच आहे. फक्त सह्याद्रीतल्या सवयी घरी ठेवून जा.

राग येईल काहींना, पण सह्याद्रीत आपण कधी एकटे नसतोच. पायथ्याला गाव, वाटेत गुराखी, "मामा, गडाची वाट कुठली?" विचारायची सोय, दगडांवर रंगवलेले बाण, वर पाण्याचं टाकं, कुणाकडे तरी पिठलं-भाकरी. गावातलं कुत्रंसुद्धा माथ्यापर्यंत सोबत येतं. (इथे नॅशनल पार्कात पाळीव कुत्रा न्यायलाच बंदी.) अर्धा ट्रेक ही मंडळी करून देतात आणि पट्टीचे ट्रेकर म्हणून मिरवतो आपण.

वॉरम्बंगलमधली मुख्य वाट ग्रँड हाय टॉप्सची, फेरी सुमारे १४.५ किलोमीटर. सुरुवात फसवी आहे. ओढ्याकाठची चांगली बांधलेली वाट, सावली, पाखरं. त्यामुळे हातात अर्ध्या लिटरची बाटली नाचवत निघालेली आपली कुटुंबं हमखास दिसतात. मग चढ आणि पायऱ्या लागतात, ऊन डोक्यावर येतं आणि वाटेत पिण्याचं पाणी कुठेही नाही. माणशी तीन लिटर घ्या, आणि कधी परतणार ते मागे कुणाला तरी सांगून ठेवा. साप चावलाच तर जखम धुवायची नाही, चोळायची नाही. अख्ख्या हाताला किंवा पायाला घट्ट बँडेज गुंडाळायचं आणि हलायचं नाही. म्हणून बँडेज गाडीत नको, पाठीवरच्या सॅकमध्ये हवं.

वर पोचल्यावर ब्रेडनाइफ दिसतो. सुमारे नव्वद मीटर उंच आणि जेमतेम एक-दोन मीटर जाड अशी दगडाची सरळ उभी भिंत. ज्वालामुखीच्या भेगेत लाव्हा थिजला, भोवतालचा मऊ दगड झिजून गेला, भिंत राहिली. आपला दख्खनचा बसाल्ट साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. हा ज्वालामुखी दीड कोटीच्या आसपासचा, म्हणजे त्या मानाने पोरच. सुळके चढणाऱ्यांचे हात शिवशिवतात, पण ब्रेडनाइफवर चढायला मनाई आहे.

प्राण्यांचं म्हणाल तर ताडोब्याचा हिशोब इथे लावू नका. जिप्सी नाही, गाइड नाही, "वाघ दिसला, पैसे वसूल" नाही. संध्याकाळी कॅम्पच्या मैदानात ग्रे कांगारू चरायला उतरतात. उड्या सगळ्यांनी पाहिलेल्या असतात, चरताना बघा: पुढचे दोन पाय टेकवायचे, शेपटी जमिनीला रेटायची आणि मागचे दोन्ही पाय एकदम पुढे ओढायचे. शेपटी चक्क पाचव्या पायाचं काम करते. तेवढ्यात कुणीतरी प्रेमाने पोळीचा तुकडा पुढे करतं. कृपा करून करू नका. ब्रेड-पोळीसारख्या मऊ खाण्याने कांगारूंच्या जबड्याला संसर्ग होऊ शकतो, जबडा सुजतो, चरता येत नाही आणि जनावर उपासमारीने मरतं. आपला पाहुणचार त्याच्या जिवावर बेततो.

जानेवारी २०१३ च्या वणव्यात हे पार्क जवळजवळ सगळं होरपळलं, परिसरातली पन्नासहून जास्त घरं गेली. काही ठिकाणी काळे पडलेले बुंधे अजून उभे आहेत. म्हणून मी इथल्या उन्हाळ्यात (डिसेंबर ते फेब्रुवारी) जा असं कुणालाच सांगत नाही. सप्टेंबर-ऑक्टोबर उत्तम, रानफुलंही असतात. एक रात्र तरी राहा. २०१६ पासून हे ऑस्ट्रेलियातलं पहिलं डार्क स्काय पार्क आहे, म्हणजे दिव्यांच्या उजेडापासून रात्रीचं आकाश जपलेली जागा. शेजारच्या सायडिंग स्प्रिंग वेधशाळेत ३.९ मीटरची दुर्बीण आहे. पार्कात ब्लूटूथ स्पीकर लावून "झिंगाट" वाजवणाऱ्यांशी मी भांडले आहे, पुन्हाही भांडेन.

निघताना सकाळी निघा. तिन्हीसांजेला कांगारू रस्त्यावर येतात आणि शंभरच्या वेगात ब्रेक लागेपर्यंत उशीर झालेला असतो. रस्त्याकडेला मेलेली मादी दिसली आणि गाडी सुरक्षित थांबवता आली, तर पिशवीत पिल्लू जिवंत आहे का बघा. असेल तर ओढून काढू नका, वन्यजीव बचाव संस्थेला फोन करा. तो नंबर रेंज असतानाच सेव्ह करून ठेवा.