कुपी आणि सिरिंज हातात देऊन विचारा
नर्सिंगच्या विद्यार्थ्यांनी औषधांचे गट आणि मात्रा पाठ कराव्यात, असा सल्ला एका लेखात वाचला; तो योग्य असला तरी अपुरा वाटतो. आपल्याकडे इन्सुलिन एका मिलिलीटरमध्ये ४० आणि १०० युनिट अशा दोन्ही तीव्रतांचे मिळते, आणि ४०च्या इन्सुलिनसाठीच्या, लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये १००च्या कुपीतून दहाच्या खुणेपर्यंत, म्हणजे पाव मिलिलीटर, औषध ओढले, तर रुग्णाला १० नव्हे, २५ युनिट जातात. साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरायला एवढे पुरते. डिगॉक्सिन हे हृदयरोगावरचे औषध देण्यापूर्वी हृदयाचे ठोके पूर्ण मिनिटभर मोजायचे, हे बहुतेकांना पाठ असते. ते औषध ठोके मंदावते, हे कारण विचारले की मात्र अनेक जण अडखळतात. म्हणून तोंडी परीक्षा वॉर्डात, औषधांच्या ट्रॉलीपाशीच घ्यावी, असा माझा आग्रह आहे.