मका काढला, पण त्याच्या जागी काय बसवलं?

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया बोचरी आहे, पण मुद्द्याची आहे. म्हणून दोन ओळींत उरकत नाही.

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: कोंबडीखाद्यात मक्याला पर्याय सुचवणारा माझा लेख वाचून तुम्ही ब्रॉयलरच्या (मांसासाठी वाढवलेल्या कोंबड्यांच्या) खाद्यातला २० टक्के मका काढला आणि तेवढाच वाळलेल्या कसाव्याचा (ज्यापासून साबुदाणा बनतो त्या कंदाचा) भरडा घातला. पक्षी वजनाला मागे पडले. लेयरला (अंड्यांच्या कोंबड्यांना) तेच खाद्य दिलं, तर बलक फिका आला. मग गव्हाकडे वळलात, तर लिटर (शेडमध्ये जमिनीवर पसरलेलं तूस-भुसा) चिकट झालं. यावरून मक्याला पर्याय नाही, दर बॅचला खाद्याचं सूत्र बदलणं छोट्या शेडला परवडत नाही, आणि लिहिणाऱ्यांनी आधी शेड सांभाळून बघावी.

शेवटचा टोमणा सोडून देतो. तक्रारी तिन्ही खऱ्या आहेत, पण तिन्हींची कारणं वेगवेगळी आहेत, आणि वजनाच्या बाबतीत तर गाडं किलोला किलो अदलाबदलीतच अडलंय. लेखात कसाव्यासोबत पेंड वाढवायला सांगितलं होतं. तुमच्या मिश्रणात ती वाढलेली दिसत नाही.

हिशेब मांडू. १०० किलो खाद्यातल्या २० किलो मक्यातून, साडेआठ टक्के धरले तर, १.७ किलो प्रथिनं येतात. कसाव्याच्या भरड्यात ती अडीच टक्क्यांच्या आसपास, म्हणजे २० किलोतून जेमतेम अर्धा किलो. अख्ख्या खाद्यातलं प्रथिन एका फटक्यात १.२ टक्क्यांनी उतरलं. वाढीच्या वयातला ब्रॉयलर हे कसं सोसणार? त्या २० किलोंच्या जागी साधारण १७ किलो कसावा आणि ३ किलो सोयाबीन पेंड बसवली, तर प्रथिनाचं गणित जुळतं. मात्र ऊर्जा कमी पडते. मका किलोमागे सुमारे ३,३५० किलोकॅलरी देतो, कसावा ३,१०० च्या आसपास आणि पेंड त्याहून बरीच कमी. ती तूट भरायला पाऊण-एक किलो तेल लागतं. वर मेथिओनिनही (प्रथिनातलं एक आवश्यक अमिनो आम्ल) वाढवावं लागतं, कारण कसाव्यात ते नगण्य असतं आणि त्यातल्या सायनाइडचा निचरा करायला पक्ष्याचं शरीर मेथिओनिनमधलंच गंधक वापरतं.

एवढं सगळं धरूनही खाद्य स्वस्त पडत असेल तरच कसावा घ्या. नुसत्या पोत्याचा भाव बघून घेणार असाल, तर तुमचाच निष्कर्ष बरोबर ठरेल.

सायनाइडचं नाव ऐकून घाबरू नका, पण वाळवण्यात हयगयही नको. कंद चिरला की त्याच्यातलंच विकर (एन्झाइम) कामाला लागतं आणि सायनाइड वायू होऊन उडून जातं. त्याला उन्हात वेळ मिळावा लागतो. चकती वाकवल्यावर कट्‌कन मोडली तर वाळली. लवली तर आत ओल आहे, आणि पुढे बुरशी ठरलेली. दुसरी गंमत मॅशमध्ये, म्हणजे दळलेल्या सुट्या खाद्यात, दिसते. भरडा पिठासारखा बारीक असेल तर तो चोचीला चिकटतो, पक्षी पाण्याकडे धावतात आणि पाण्याच्या भांड्यात पांढरा गाळ बसतो. खाद्य खाल्लं जात नाही आणि आपण दोष पिकाला देतो. पेलेट केलं, म्हणजे खाद्य दाबून गोळ्या बनवल्या, किंवा तेल घालून धूळ दाबली, की हा त्रास बराच कमी होतो.

फिक्या बलकाचं म्हणाल, तर पिवळ्या मक्यातली रंगद्रव्यं कसाव्यात नसतात. तांदळाच्या कणीत आणि पांढऱ्या ज्वारीतही जवळपास नसतात. अंड्याच्या पोषणात त्यामुळे फारसा फरक पडत नाही, पण गिऱ्हाईक रंग बघतं. झेंडूच्या पाकळ्यांचा अर्क किंवा लसूणघासाची पूड घातली की रंग परत येतो.

गव्हाचा चिकटपणा अरॅबिनोझायलनमुळे. हा तंतू आतड्यात पाणी धरून खळ बनवतो, अन्न नीट पचत नाही आणि विष्ठा ओली पडते. पिल्लांना याचा सर्वाधिक त्रास. हा तंतू तोडणारं झायलेनेज विकर घातल्याशिवाय गव्हाचं प्रमाण वाढवूच नये. पेलेट करत असाल तर उष्णतेत टिकणारंच विकर घ्या. बार्लीचीही हीच कथा, फक्त तिथे तंतू बीटा-ग्लुकन नावाचा.

खरं तर मी तुमच्या जागी असतो, तर सुरुवात कसाव्याने केलीच नसती. बाजरी किंवा कमी टॅनिनची (पचनात अडथळा आणणाऱ्या तुरट द्रव्याची) ज्वारी जास्त सोपी. बाजरीत प्रथिनं मक्यापेक्षा जास्त, अकरा-बारा टक्के, आणि तेलही पाचेक टक्के. फक्त अरगट रोगाचा (कणसावरच्या विषारी बुरशीचा) माल नको. ज्वारीत दाण्याच्या रंगावर जाऊ नका, लाल दाणा बिनटॅनिनचा असू शकतो. अल्कली मिसळलेल्या ब्लीचमध्ये दाणे वीसेक मिनिटं भिजवा. टॅनिनवाले काळे पडतात.

एका बाबतीत तुम्ही बरोबर आहात. जे पीक वर्षातून दोनच महिने मिळतं, त्यासाठी दर बॅचला सूत्र बदलत बसणं छोट्या शेडला परवडत नाही.

तुमच्या मिश्रणातली पेंड, तेल आणि मेथिओनिनचं प्रमाण इथेच खाली लिहा, आणि कसाव्याचा भरडा किती बारीक होता तेही. आकडे समोर असले की पुढचं बोलता येईल.