‘जांघेतून झालं, म्हणजे सुटलो’ हे खरं नाही

पोटातल्या महाधमनीच्या फुग्यात जांघेतून स्टेंट-ग्राफ्ट (धातूच्या जाळीचा आधार दिलेली कापडी नळी) बसवतात, त्याबद्दलचा एक मेसेज सध्या बराच फिरतोय. त्याचं म्हणणं असं: दोन-चार दिवसांत घरी गेलेला माणूस कायमचा बरा. नंतर फुग्यात रक्ताची गळती निघाली तर ऑपरेशन फसलं, आणि मग पोट उघडण्यावाचून इलाज नाही. ताप आला तर ग्राफ्टला जंतू लागले. दरवर्षीचा स्कॅन हा नुसता पैसे काढायचा धंदा.

‘कायमचा बरा’ यात अर्धं सत्य आहे, म्हणूनच ते जास्त घातक. ब्रिटनमधल्या ईव्हार-1 चाचणीत स्टेंट-ग्राफ्टची तुलना उघड्या (पोट उघडून केलेल्या) शस्त्रक्रियेशी केली; स्टेंट-ग्राफ्टच्या गटात पहिल्या 30 दिवसांतले मृत्यू निम्म्याहून कमी होते. पण 15 वर्षांपर्यंत मागोवा घेतला तेव्हा 8 वर्षांनंतरचं पारडं उघड्या शस्त्रक्रियेकडे झुकलेलं दिसलं. स्टेंट-ग्राफ्टच्या गटात फुगा नंतर फुटून झालेले मृत्यू हे त्यामागचं एक मोठं कारण. पोट उघडून करतात तेव्हा फुगलेल्या भागाच्या जागी कृत्रिम नळी शिवली जाते. इथे फुगा जागच्या जागी राहतो, आतल्या नळीमुळे त्याच्या भिंतीवरचा दाब तेवढा उतरतो. नळी सरकली किंवा तिचे सांधे सुटले की दाब परत चढतो.

गळतीचं म्हणाल तर, कुठली गळती हे विचारल्याशिवाय पुढे बोलण्यात अर्थ नाही. सगळ्यात जास्त आढळते ती टाइप 2. कमरेकडच्या किंवा आतड्याकडच्या बारीक धमन्यांतून रक्त उलटं फुग्यात येतं. यातल्या बऱ्याच आपोआप बंद होतात. फुगा वाढत नसेल तर डॉक्टर नुसतं लक्ष ठेवतात, आणि तो हलगर्जीपणा नव्हे. मागच्या स्कॅनला 56 मिलिमीटर असलेला फुगा आता 52 असेल तर रिपोर्टमधल्या ‘एन्डोलीक’ (म्हणजे हीच गळती) या शब्दाने झोप उडवून घ्यायचं कारण नाही. तोच 63 झाला असेल तर गळती कुठून येते हे शोधावंच लागतं. टाइप 1 (नळीच्या टोकाशी) आणि टाइप 3 (सांध्यातून किंवा कापडाला भोक पडून) मात्र थांबू देत नाहीत, कारण त्यात फुग्यावर थेट महाधमनीचा दाब येतो.

यातलं बरंचसं पुन्हा रक्तवाहिनीत सरकवलेल्या तारेवरूनच, पोट न उघडता दुरुस्त होतं: टोक बलूनने दाबून बसवणं, नळीला जोड देणं, बारीक धमनी कॉइलने (तारेच्या वेटोळ्याने) बुजवणं. नळीची पायाकडे जाणारी एक फांदी गुठळीने बंद पडून पाय गार पडला, दुखू लागला, तर मात्र तासांचा हिशेब असतो. गुठळी काढतात किंवा दुसऱ्या पायाकडून बायपास देतात. पोट उघडायची वेळ येते ती मुख्यतः ग्राफ्टला जंतुसंसर्ग झाला किंवा बाकीचे उपाय हरले तर.

पहिल्या काही दिवसांतला ताप बहुतेकदा शरीराची नळीला दिलेली प्रतिक्रिया असते आणि आपसूक उतरतो. कित्येक महिन्यांनी ताप आणि पाठदुखी एकत्र आली, तर ते प्रकरण वेगळं; तिथे ग्राफ्टच्या जंतुसंसर्गाची शंका घ्यायची.

स्कॅनच्या तक्रारीत थोडं तथ्य आहे. सीटीतला किरणोत्सर्ग आणि मूत्रपिंडावर डाईचा (सीटीसाठी शिरेतून देतात त्या औषधाचा) भार खरा. म्हणून सुरुवातीचे सीटी स्वच्छ आले आणि फुगा आक्रसत असला की पुष्कळदा कलर डॉपलरवर (रक्तप्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीवर) भागवतात. तपासणीच सोडून देणं वेगळं. फुगा मुकाट्याने वाढतो, दुखतो तो बहुधा फुटायला आल्यावर.

आणि मेसेजमध्ये नसलेली गोष्ट: पोटात किंवा पाठीत अचानक जोराची कळ आली, भोवळ आली, तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका. थेट इमर्जन्सीत जा आणि दारातच सांगा, ‘पोटात स्टेंट-ग्राफ्ट आहे.’