थंडी आहे म्हणून ब्रश बंद?

सकाळी फिरताना एक लांब केसांचं कुत्रं भेटलं. अंगात घट्ट स्वेटर आणि बिचारं सारखं थांबून मागच्या पायाने खाजवतंय. कुरवाळायला हात घातला तर बगलेत नुसत्या गाठी! सोबतच्या ताईंना सांगितलं, तर म्हणाल्या, "थंडीत कुठे विंचरत बसता? राहू देत केस, ऊब मिळते. उन्हाळा आला की भादरून टाकू."

तेव्हापासून डोकं फिरलंय.

ऊब कसली मिळते? कुत्र्याला ऊब देते ती केसांत अडकलेली हवा. आतली मऊ लव मोकळी असेल तरच ती हवा टिकते. जटा झाल्या की हवा गेली आणि उलट ओल धरून बसली. वर स्वेटर चढवला की बगलेत, छातीवर, गळपट्ट्याखाली घासून घासून आणखी गाठी. तो स्वेटर दिवसेंदिवस काढायचाच नाही, म्हणजे खाली काय चाललंय ते कळणारच नाही.

आमचा गब्बू आला तो असाच, ऐन थंडीत. बाहेरून इतका गुबगुबीत की जो तो म्हणायचा, काय गोड आहे! कानांमागे आणि मांड्यांना जटांचे नमद्यासारखे थर होते. गब्बूला भूल देऊन डॉक्टरांना ते मशीनने काढावे लागले. खालची कातडी लाल, ओली, वास मारणारी. हे सगळं तो अंगावर घेऊन शेपूट हलवत होता, हे आठवलं की अजून पोटात तुटतं.

हो, थंडीत आंघोळ कमी घालावी, मान्य. पण आंघोळ कमी म्हणजे ब्रश जास्त, हे कुणी सांगायचं? ब्रशने मेलेले केस निघतात, कातडीचं तेल केसभर पसरतं, कोरड्या हवेत कोंडा कमी होतो. आंघोळ घालायचीच तर आधी विंचरा. गाठीत पाणी गेलं की ती आणखी आवळते. पाणी कोमट, शॅम्पू कुत्र्यांचाच, आणि वाळवायचं ते मुळापर्यंत. वरून कोरडं लागतं आणि आत ओल तशीच. ड्रायर गरम नको, हाताला सोसेल एवढाच.

आणि ते "उन्हाळ्यात भादरून टाकू"! दुहेरी केसांच्या, म्हणजे आत मऊ लव आणि वर राठ केस असलेल्या जातींचे केस एकदा मुळापासून उडवले की काहींचे पूर्वीसारखे येतच नाहीत. शिह त्झू, पूडल यांचे केस वाढतच राहतात, त्यांना थंडीतही ट्रिमिंग लागतं, ते वेगळं. आखूड केसांच्या, म्हाताऱ्या कुत्र्यांना स्वेटर लागतो, तेही खरं. पण रोज काढा ना तो!

नखांचंही तेच. थंडीत फिरणं कमी, म्हणून नखं झिजत नाहीत आणि मग पाऊल वाकडं पडतं. गब्बूची तर वळून बोटांना टोचत होती.

आता थोडी शांत झालेय, म्हणून हेही लिहिते. गब्बूच्या आधीच्या घरी त्याच्यावर माया नव्हती असं नाही. त्याची गादी, खेळणी, आवडती चादर, सगळं सोबत आलं. ब्रशही आला, वेष्टन न फोडलेला. त्यांना कुणी दाखवलंच नव्हतं. सकाळच्या ताईंनाही नसेल. उद्या भेटल्या तर माझाच स्लिकर ब्रश (बारीक वाकड्या तारांचा) घेऊन जाणार आहे, राग न करता.

तुम्ही मात्र आज रात्रीच स्वेटर काढा. कानांमागे, बगलेत, मांड्यांच्या आत बोटं फिरवा. मग बारीक कंगवा मुळापासून टोकापर्यंत न अडता जातोय का पाहा. गाठ लहान असेल तर बोटांनी हळूहळू सोडवा. कातडीला चिकटली असेल तर कात्री अजिबात लावू नका, गाठीबरोबर कातडी वर ओढली जाते आणि कापली जाते. सरळ डॉक्टरांकडे न्या, उद्याच.