‘फॉरमॅट करा’ म्हटलं की ओके दाबायचं?

व्हॉट्सअॅपवर एक मेसेज फिरतोय: “नवी एक्स्टर्नल हार्ड डिस्क आणलीत? फॉरमॅट कुठला ते बघत बसू नका, सरळ फॅट३२ करून टाका, सगळीकडे चालते. १ टीबीच्या डिस्कवर ९३१ जीबीच दिसले तर माल नकली. कॉम्प्युटरने ‘फॉरमॅट करा’ म्हटलं तर व्हायरस आहे, लगेच ओके दाबा.”

नकली मालाचं आधी उरकतो. कंपनी १ टीबी म्हणजे १,००० जीबी धरते, विंडोज १,०२४ च्या पटीत मोजतं. त्यामुळे १ टीबीचे ९३१ होतात. मॅकवर हीच डिस्क १ टीबी दिसेल. दुकानदाराशी भांडू नका.

फॅट३२, एक्सफॅट, एनटीएफएस ही फॉरमॅटची, म्हणजे डिस्कवर फाइली कशा मांडून ठेवायच्या त्या पद्धतीची (फाइल सिस्टिमची) नावं. फॅट३२ जवळपास सगळीकडे चालते, इतपत खरं. पण तिच्यावर ४ जीबी किंवा त्याहून मोठी फाइल मावत नाही. लग्नाचा व्हिडिओ कॉपी करायला घ्या, डिस्क निम्मी रिकामी असूनही ‘फाइल फार मोठी आहे’ म्हणून नकार मिळेल. विंडोज आणि मॅक दोन्हींवर वापरायची असेल तर एक्सफॅट घ्या. कॉपी चालू असताना केबल उपटायची सवय मात्र सोडा, कारण एक्सफॅटमध्ये जर्नल (चालू बदलांची नोंदवही) नसतं आणि अर्धवट राहिलेलं काम सावरायला ती कच्ची पडते. फक्त विंडोज असेल तर एनटीएफएस. मॅक एनटीएफएस वाचतो, पण आपणहून तिच्यावर लिहीत नाही. मॅकच्या टाइम मशीनला (बॅकअप घेणारी सोय) यातलं काहीच चालत नाही, त्याला अॅपलचाच फॉरमॅट लागतो.

आणि बघत बसायला वेळ तरी किती लागतो? विंडोजमध्ये ड्राइव्हवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, ‘फाइल सिस्टिम’ची ओळ. मॅकवर ‘गेट इन्फो’मध्ये ‘फॉरमॅट’. लिनक्सवाल्यांना ‘एलएसबीएलके -एफ’ ही कमांड सांगायला नको.

आता खरा घातक सल्ला. ‘फॉरमॅट करा’ या सूचनेचा अर्थ इतकाच, की विंडोजला त्या डिस्कवरची फाइल सिस्टिम ओळखता आली नाही. ती मॅकची किंवा लिनक्सची असेल, नाहीतर न इजेक्ट करता ओढून काढल्यामुळे बिघडली असेल. तेव्हा प्रॉपर्टीजमध्ये बहुधा ‘रॉ’ (म्हणजे न ओळखलेली) दिसतं. कधी ड्राइव्हला (डी:, ई: असं) अक्षरच मिळत नाही, मग ती विंडोजच्या ‘डिस्क मॅनेजमेंट’ या टूलमध्ये शोधावी लागते. दोन्ही वेळा आतल्या फाइली जागेवर असू शकतात. ओके दाबलंत की त्यांचा पत्ता पुसला जातो, आणि क्विक फॉरमॅटची खूण काढलेली असेल तर विंडोज अख्ख्या डिस्कवर शून्यं लिहितं. मग कुठलंही रिकव्हरी सॉफ्टवेअर घ्या, हाती काही लागत नाही.

आमच्या शेजारच्या काकांना मुलीने नातवाचे सगळे फोटो डिस्कवर भरून पाठवले होते. मुलगी मॅकवाली, काकांचा लॅपटॉप विंडोजचा. हा मेसेज त्यांनीही वाचला होता. फोटो बचावले ते एवढ्यासाठीच, की ऐनवेळी चष्मा सापडेना आणि स्क्रीनवर काय आलंय ते वाचून दाखवायला त्यांनी मला हाक मारली.