आवाज ज्यांचा, नकाराचा अधिकारही त्यांचाच

सप्रेम नमस्कार.

कृत्रिम बुद्धिमत्तेची रचना करताना उपेक्षित समाजांना निर्णयात वाटा असावा, या माझ्या लेखावर आपण दोन आक्षेप घेतले आहेत. यंत्राचा दोष हा मुळात विदेचा, म्हणजे त्याला शिकवण्यासाठी वापरलेल्या माहितीचा (डेटाचा), दोष असून तो अभियंते दुरुस्त करू शकतात, हा पहिला. आणि समाजाच्या वतीने कोणी बोलायचे हेच ठरत नसल्यामुळे असा सहभाग देखावा ठरतो, हा दुसरा.

पहिल्या आक्षेपात तथ्य आहे. जॉय बुओलाम्विनी आणि टिमनिट गेब्रू या संगणक-संशोधकांनी २०१८ साली चेहऱ्यावरून स्त्री की पुरुष हे सांगणाऱ्या तीन कंपन्यांच्या प्रणाली तपासल्या, तेव्हा गोऱ्या पुरुषांबाबत चुकांचे प्रमाण फार तर ०.८ टक्के, तर गडद वर्णाच्या स्त्रियांबाबत ३४.७ टक्क्यांपर्यंत निघाले. पुढे त्या कंपन्यांनी सुधारणाही केल्या. परंतु हा दोष शोधावासा वाटला तो बुओलाम्विनींना, कारण संगणकाला त्यांचा कृष्णवर्णी चेहरा दिसत नव्हता आणि पांढरा मुखवटा चढवताच दिसू लागला होता. शिवाय अचूकता वाढली, म्हणून ते यंत्र कोणावर रोखायचे हा प्रश्न सुटत नाही.

म्हणूनच मला न्यूझीलंडमधील ‘ते हिकू मीडिया’ या माओरी प्रसारण संस्थेचे उदाहरण मोलाचे वाटते. शाळेत माओरी बोलल्याबद्दल ज्यांच्या आधीच्या पिढ्यांनी मार खाल्ला, त्या समाजाने २०१८ मध्ये अवघ्या दहा दिवसांत आपल्या भाषेच्या वाचनाचे तीनशे तासांहून अधिक ध्वनिमुद्रण या संस्थेच्या हाती सोपवले आणि त्यातून माओरी बोलणे ओळखणारी प्रणाली उभी राहिली. ही विदा विकत मागणाऱ्या कंपनीला संस्थेने नकार दिला. माओरी भाषेत ‘कैतियाकीतांगा’ म्हणजे राखणदारी. आपण विदेचे मालक नसून राखणदार आहोत, या भूमिकेतून त्यांनी तिच्या वापराचा परवानाच बेतला. असा नकार कोणत्याही अभियंत्याला समाजाच्या वतीने देता आला नसता.

आपला दुसरा आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो. समाज एकजिनसी नसतो. त्यातल्या स्त्रिया आणि भूमिहीन माणसे त्याच्याच पुढाऱ्यांच्या मागे झाकली जातात, हे मी मान्य करतो. मात्र यावर कोणाला वाटच सापडलेली नाही, असे नाही. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) या गोंड गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला. तिथे अभ्यासगटात विषय समजून घेतला जातो आणि ग्रामसभा बहुमताने नव्हे, तर सर्वसहमतीने निर्णय करते. ही पद्धत वेळखाऊ आहे, पण तो वेळ वाया गेला असे मला वाटत नाही. उद्या गोंडीचे आवाज गोळा करायला कोणी त्या भागात गेले, तर संमतीपत्रावर एकेकाचा अंगठा घेऊन भागू नये. त्यांनी ग्रामसभेत बसून, आवाज कुठे जाणार आणि त्याचे काय होणार हे गोंडीतच सांगावे, आणि सभा ‘नको’ म्हणाली तर परत यावे.